औषधाआधी चिठ्ठी : हार्मोनच्या पेशंटला तज्ज्ञाकडे कधी पाठवावं?

ऐरोलीत जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं आहे : "थायरॉइड, पीसीओडी, वजन वाढलंय, थकवा आहे, 'हार्मोन बिघडलेत का बघा', असे पेशंट रोज येतात. सगळ्यांनाच एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं तर लोक म्हणतात, मग तुम्ही कशाला? नाही पाठवलं तर मनात धाकधूक राहते. नेमकं कुणाला पाठवायचं आणि किती घाईनं?"

डॉक्टर, तुमच्याकडे येणाऱ्या या गर्दीतल्या बहुतेकांना हार्मोनतज्ज्ञ (एंडोक्रायनॉलॉजिस्ट) म्हणून माझी गरज नाही. साधा हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड मंद चालणं), साधा पीसीओएस (लोक ज्याला पीसीओडी म्हणतात तो), ड जीवनसत्त्वाची कमतरता हे तुमचंच काम आहे आणि ते तुम्ही माझ्याइतकंच चांगलं करू शकता. उलट, पाच मिनिटांवर राहणारी त्यांची डॉक्टर म्हणून तुमच्याकडून ते जास्त नीट होतं. जे पाठवायचे ते थोडे असतात. पण त्यांना पाठवण्याची वेळ बहुतेकदा चुकते, आणि चुकते ती एकाच ठिकाणी : आधी औषध सुरू होतं आणि मग चिठ्ठी लिहिली जाते.

माझा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे. आपल्या शाखेतली बरीच औषधं म्हणजे स्वतःच हार्मोन असतात, नाहीतर हार्मोन अडवणारी असतात. ती पोटात गेली की तपासणीचा पुरावा पुसला जातो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर केलेल्या कॉर्टिसॉलच्या (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींच्या हार्मोनच्या) रिपोर्टवर काहीच ठरवता येत नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं की वृषणाला चालवणारे एलएच, एफएसएच हे हार्मोन दबतात आणि मूळ दोष वृषणात होता की ते हार्मोन सोडणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत हे कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पुरुषी हार्मोनच्या तपासण्या फसव्या येतात. कॅबरगोलिननं प्रोलॅक्टिन (दूध आणणारा हार्मोन) झटकन खाली येतं, मग पिट्युटरीतली गाठ कसली होती याचा शोध अवघड होतो. म्हणून प्रत्येक पेशंटपुढे स्वतःला विचारा : मी आता जे लिहिणार आहे त्यानं निदान झाकलं जाईल का? उत्तर 'हो' असेल तर आधी रक्त काढा, आधी फोन करा, आधी चिठ्ठी द्या. याला एकच अपवाद आहे, जीव धोक्यात असण्याचा. त्याकडे पुढे येतोच.

थायरॉइडपासून सुरू करू, कारण तुमची निम्मी गर्दी तीच आहे.

टीएसएच (थायरॉइडला चालवणारा पिट्युटरीचा हार्मोन) ४०, फ्री टी४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) कमी, वय पस्तीस, इतर काही आजार नाही, गरोदर नाही : पाठवू नका. वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम या हिशोबानं थायरॉक्सिन द्या. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून सुरू करून हळूहळू वाढवा. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी डोस हलवण्यात अर्थ नाही. टीएसएच ५ ते १० च्या मध्ये असेल आणि टी४ नॉर्मल असेल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी परत करा. बऱ्याच जणांचं आपोआप खाली येतं. सत्तरीच्या पुढे टीएसएच थोडं वर सरकतंच, त्या आजींना गोळी लावून धडधड आणि ठिसूळ हाडं देऊ नका.

आता पाठवायचे कोण? पहिला रिपोर्ट असा : फ्री टी४ कमी, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमी. तो बघून 'टीएसएच तर नॉर्मल आहे' असं म्हणून फाइल बंद होते, आणि हा पेशंट हातातून जातो. दोष गळ्यात नसून पिट्युटरीत असू शकतो, आणि पिट्युटरी बिघडली असेल तर कॉर्टिसॉलही कमी असू शकतं. अशा माणसाला नुसतं थायरॉक्सिन दिलं तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज आणि त्याचा निचरा दोन्ही वाढतात, आणि तो अॅड्रिनल क्रायसिसमध्ये (कॉर्टिसॉल एकाएकी अपुरं पडून जीव धोक्यात) जाऊ शकतो. इथे गोळी लिहू नका. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, सोडियम, पोटॅशियम काढा आणि त्याच आठवड्यात पाठवा. पुढे उपचार सुरू झाल्यावर अशा पेशंटचा डोस टीएसएचवर नाही, फ्री टी४ वर ठरतो. हे माझ्याकडून परत आलेल्या पेशंटच्या बाबतीत लक्षात ठेवा, टीएसएच ०.१ दिसलं म्हणून त्यांचा डोस कमी करू नका.

दुसरा गट टीएसएच खाली गेलेल्यांचा, म्हणजे थायरॉइड जास्त असल्याची शंका असलेल्यांचा. इथे थायरॉइडचा हार्मोन बनणं रोखणारं कार्बिमाझोल लिहिण्याचा मोह फार असतो, तो आवरा. टी३, टी४ बघा. मग चार गोष्टी विचारा : त्रास किती दिवसांपासून, गळा दुखतोय का, गेल्या वर्षभरात बाळंतपण झालंय का, आणि केस गळतीच्या गोळ्या चालू आहेत का. गळा दुखून ताप येऊन गेलेला असेल तर ते थायरॉइडायटिस (थायरॉइड ग्रंथीची सूज) असण्याची शक्यता मोठी, बाळंतपणानंतरचाही तसाच. त्यात ग्रंथीतला साठलेला हार्मोन बाहेर पडत असतो, नवा बनत नसतो, त्यामुळे कार्बिमाझोलचा उपयोग शून्य, धोका मात्र पुरेपूर. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन बऱ्याच लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दाखवतं. दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवून तपासणी परत केली की 'आजार' नाहीसा होतो. खरोखर लक्षणं असतील तर प्रोप्रॅनोलॉल द्या, दमा नसल्याची खात्री करून, आणि आठवड्याभरात पाठवा. स्कॅन किंवा अँटिबॉडी तपासून मग कार्बिमाझोल ठरवू. ते आधीच कुणी सुरू केलेलं असेल तर एक सूचना कागदावर मराठीत लिहून द्या : ताप आला किंवा घसा खूप दुखला तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी. पांढऱ्या पेशी एकदम खाली जाण्याचा हा धोका क्वचित दिसतो, पण दिसला तर जीवघेणा असतो.

डोळे पुढे आलेले, लाल, आणि दिसायला अंधुक किंवा रंग फिके दिसतायत असं पेशंट म्हणाला, तर आठवडा थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि मला त्याच दिवशी कळवा. आणि भरपेट जेवून झोपलेला तरुण मुलगा सकाळी पाय उचलू शकत नाही, पोटॅशियम २ च्या आसपास, अशी केस आली तर पोटॅशियम देतानाच टीएसएच मागवा.

गरोदरपणात सगळ्यांना पाठवायची गरज नाही, पण वाट बघायचीही सोय नाही. आधीपासून थायरॉक्सिनवर असलेल्या बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी आठवड्याला दोन गोळ्या जास्त, म्हणजे सातऐवजी नऊ, आणि निम्मे दिवस जाईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. नव्यानं टीएसएच १० च्या वर आलं तर गोळी आजच सुरू करा, चिठ्ठीही आजच द्या. गरोदर बाईला हायपरथायरॉइड (थायरॉइड जास्त) असल्याची शंका असेल तर मात्र स्वतः काही सुरू करू नका. पहिल्या तिमाहीत एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनमुळेही टीएसएच खाली जातं आणि कार्बिमाझोलनं बाळात दोष निर्माण होण्याचा धोका असतो.

गळ्यात गाठ हाताला लागली तर सोनोग्राफी आणि टीएसएच करून पाठवा. टीएसएच कमी असेल तर तपासणीसाठी गाठीत सुई घालायच्या आधी स्कॅन लागतो, म्हणून ते आधी हवं.

आता ज्या विषयानं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. स्टेरॉइड.

आपल्या भागात स्टेरॉइड कुठून पोटात जातं याची यादी पेशंट स्वतः देत नाही. गुडघेदुखीच्या, दम्याच्या, 'वजन वाढवायच्या' पुड्या, ज्यांवर काही लिहिलेलं नसतं. केमिस्टनं काउंटरवरून दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. खाजेवर आणि चेहरा उजळायला लावली जाणारी, बीटामेथाझोन किंवा क्लोबेटासोल असलेली मलमं, वर्षानुवर्षं. दिघा, विटावा, कळवा, मुंब्रा या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना हे नवं नाही. चेहरा गोल आणि लालसर, दंड-मांड्या बारीक, पोट मोठं, कातडीवर सहज निळे डाग, पोटावर एक सेंटिमीटरपेक्षा रुंद जांभळे पट्टे, आणि मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं. शेवटची दोन लक्षणं मी फार महत्त्वाची मानतो, कारण नुसत्या लठ्ठपणात ती येत नाहीत. बीपी, साखर, वजन हे तर ऐरोलीत निम्म्या लोकांचं वाढलेलंच असतं.

अशा पेशंटला 'ती पुडी आजपासून फेकून द्या' असं सांगू नका. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे त्याच्या अॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. पुडी एकदम थांबली की चार-आठ दिवसांत उलट्या, चक्कर, बीपी कमी, आणि तो रात्री कुठल्यातरी हॉस्पिटलमध्ये 'गॅस्ट्रो' म्हणून दाखल होतो. पुडी, गोळी, मलमाची ट्यूब घेऊन यायला सांगा, फोटो काढून चिठ्ठीबरोबर पाठवा. मधल्या काळात ठरावीक डोसचं प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन किती द्यायचं हे फोनवर ठरवू. ते सोडवायला महिने लागतात.

पुडीचा, मलमाचा, इनहेलरचा, सांध्यातल्या इंजेक्शनचा काही इतिहास नाही आणि तरी चित्र कुशिंगचं (शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याचं) आहे, तर रँडम कॉर्टिसॉल करू नका, त्यातून काही कळत नाही. रात्री अकराला डेक्सामेथाझोन १ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या सकाळी आठला कॉर्टिसॉल ही तपासणी तुमच्या दवाखान्यातूनही होते, १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर बहुधा सुटलात, वर आलं तर पाठवा. फक्त एक बघा. महापे-रबाळेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी माणसं तुमच्याकडे येतात. त्यांचं शरीराचं घड्याळ फिरलेलं असतं. कॉर्टिसॉलच्या प्रत्येक कागदावर ड्युटीची वेळ लिहा, नाहीतर रात्रपाळी संपवून सकाळी दिलेल्या सॅम्पलचा अर्थ मी चुकीचा लावीन.

उलट बाजू म्हणजे कॉर्टिसॉल कमी असणं, आणि त्यात वेळ दिवसांत नाही, तासांत मोजायचा. थकवा, भूक गेलेली, वजन उतरलेलं, उठलं की चक्कर, मधूनमधून उलट्या, मीठ खावंसं वाटणं. मग हात बघा : तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या काळ्या पडल्यात का? आपल्याकडे रंगावरून ओळखणं अवघड, म्हणून 'तुम्ही घरातल्या इतरांपेक्षा अलीकडे काळे पडलात का' हा प्रश्न घरच्यांना विचारा. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त असेल तर अॅडिसनचा आजार (अॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं) समोर आहे असं समजून चाला. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याचं मुख्य कारण ऑटोइम्यून (शरीराचा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला) असतं. आपल्याकडे टीबी विसरून चालणार नाही. आणि त्यातला एक सापळा लक्षात ठेवा : टीबीचं औषध सुरू झाल्यावर पेशंट बरा होण्याऐवजी आठ-पंधरा दिवसांत ढासळला, तर 'औषध पचत नाही' एवढ्यावर थांबू नका. टीबीवरचं रिफॅम्पिसिन कॉर्टिसॉलचा निचरा वाढवतं. आधीच काठावर असलेली अॅड्रिनल ग्रंथी तिथे उघडी पडते.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निदान जवळपास नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर जवळपास नाही. मधल्यांची तपासणी आम्ही करू. पण पेशंट बीपी ८० वर, उलट्या करत, गुंगीत समोर बसला असेल तर रिपोर्टची वाट बघायची नाही. हाच तो अपवाद. जमलं तर आधी एक सॅम्पल काढून ठेवा, नाही जमलं तर सोडून द्या. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, शीर मिळाली नाही तर स्नायूत, सलाइन चालू, साखर तपासा, आणि मग अॅम्ब्युलन्स. अशा पेशंटला माझ्याकडे किंवा परळच्या केईएम हॉस्पिटलला पाठवू नका. ऐरोलीहून जे आयसीयू असलेलं हॉस्पिटल सगळ्यात जवळ, तिथे. कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल असेल, वाशीचं असेल. आधी जीव, मग हार्मोन. चिठ्ठीवर 'अॅड्रिनल क्रायसिसची शंका, हायड्रोकॉर्टिसोन इतक्या वाजता दिलं' एवढं ठळक लिहिलं तरी पुढचे निम्मे तास वाचतात.

याच घरातला एक आजार आहे, ज्याचं निदान तुमच्या खुर्चीवरच होऊ शकतं आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं होत नाही : शीहान सिंड्रोम. शहापूर, मुरबाडकडून किंवा गावाहून मुलाकडे राहायला आलेली पन्नाशीची बाई. थकवा, थंडी वाजते, चेहऱ्याला बारीक सुरकुत्या, फिकटपणा. सोडियम ११८ म्हणून दाखल झाली, मीठ दिलं, घरी गेली, परत दाखल झाली. थायरॉइडची गोळी कुणीतरी लावलेली. तिला विचारायचे प्रश्न पाच आहेत आणि ते कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगतात : शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, रक्त चढवावं लागलं का, दूध आलं का, पाळी परत सुरू झाली का, काखेतले केस गेलेत का? बाळंतपणात वाढलेल्या पिट्युटरीचा रक्तपुरवठा त्या रक्तस्रावात तुटतो आणि ग्रंथी हळूहळू सुकते. लक्षणं पंधरा-वीस वर्षांनीही पुढे येतात. घरातल्या पुरुषांसमोर ही बाई बोलणार नाही. सुनेला किंवा मुलीला आत घ्या, बाकीच्यांना बाहेर बसवा. उत्तरं जुळली तर कॉर्टिसॉलचं सॅम्पल काढून त्याच आठवड्यात पाठवा, उलट्या किंवा गुंगी असेल तर आजच. योग्य उपचारानंतर ती बाई दोन आठवड्यांत ज्या पावलांनी चालत येते, ते बघितलेला डॉक्टर हे पाच प्रश्न कधी विसरत नाही.

पिट्युटरीचंच पुढे. प्रोलॅक्टिन जास्त आलं म्हणून घाबरून एमआरआयला धाडण्याआधी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी उलटून वाचा. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, आणि दोन्हींमुळे प्रोलॅक्टिन वाढतं. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोननंही वाढतं, पण ते मानसोपचारतज्ज्ञांना न विचारता थांबवायचं नाही. गरोदरपण आणि टीएसएच तपासा. पित्ताची गोळी बंद करून काही दिवसांनी सॅम्पल परत काढा. तरीही जास्त असेल, किंवा पहिल्यांदाच २०० च्या वर असेल, किंवा डोकेदुखी असेल, तर पाठवा. नजर मात्र तुम्ही आजच तपासा : समोर बसून, एक डोळा झाकून, दोन्ही बाजूंनी बोट आत आणत. बाहेरच्या बाजूचं दिसत नसेल तर दोन दिवसांत. अचानक भयंकर डोकेदुखी, एक पापणी खाली, दोन-दोन दिसणं म्हणजे पिट्युटरीत रक्तस्राव समजून थेट हॉस्पिटल, आणि हायड्रोकॉर्टिसोन तिथेही आधी.

अंगठी बोटातून निघेना, चप्पल दोन नंबरांनी वाढली, घोरणं, घाम, जबडा पुढे : जुनं आधार कार्ड मागून चेहरा ताडून बघा. शंका आली तर आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनसाठीची रक्ततपासणी) करून पाठवा. यात घाई नाही, पण विसरणंही नको.

पीसीओएसबद्दल थोडक्यात, कारण यातल्या बहुतेक मुली तुमच्याकडेच राहायला हव्यात. अनियमित पाळी, थोडी लव, पुरळ, वाढतं वजन, सगळं वयात आल्यापासून हळूहळू : प्रेग्नन्सी टेस्ट, टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर करा आणि उपचार सुरू करा. फास्टिंग इन्सुलिन मागवू नका, पेशंटचे पैसे वाचवा. किशोरवयीन मुलीला नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारू नका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही त्या वयात सोनोग्राफी आणि एएमएचची रक्ततपासणी निदानासाठी वापरू नका असं सांगतात. पाठवायचं ते वेगावरून. चार-सहा महिन्यांत दाढीसारखे केस, आवाज घोगरा, कपाळाजवळ टक्कल, क्लिटोरिस मोठं झालेलं, किंवा टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅमच्या वर : अंडाशयात किंवा अॅड्रिनलमध्ये गाठ असू शकते. तिला पाळीच्या गोळ्या लावल्या तर आकडा दबेल आणि वेळ जाईल. पाळी पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नसेल, तर तेही पीसीओएस समजून 'येईल' म्हणून सोडू नका.

मुलांच्या बाबतीत मी तुम्हाला जास्त लवकर पाठवायला सांगेन, कारण वाढीचा काळ परत मिळत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर उंचीची पट्टी नीट ठोकून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे २०१५ चे तक्ते ठेवा. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढत असेल तर आईबाप बुटके आहेत हे उत्तर पुरेसं नाही. कारण न कळणाऱ्या प्रत्येक बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोम (एक्स गुणसूत्राचा जन्मजात दोष) डोक्यात ठेवा. जाड मुलांच्या आया 'थायरॉइड बघा' म्हणतात. त्यांना समजवायला एक खूण उपयोगी आहे. खाण्यानं जाड झालेलं मूल वयाच्या मानानं उंच असतं. जाड होतंय आणि उंची थांबली आहे, असं मूल पाठवा.

मुलीला आठव्या वर्षाआधी स्तनांची वाढ, मुलाला नवव्या वर्षाआधी वृषणांची वाढ सुरू झाली तर महिन्याभरात पाठवा. मुलग्यांत तर आणखी लवकर, कारण त्यांच्यात मेंदूतलं कारण सापडण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या टोकाला, तेराव्या वर्षापर्यंत मुलीला स्तनवाढ नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, चौदापर्यंत मुलाच्या वृषणांत वाढ नाही, की पाठवा.

दोन बाळं मात्र त्याच दिवशी. एक, जन्मल्यावर मुलगा की मुलगी हे स्पष्ट नसलेलं, किंवा 'मुलगा' आहे पण दोन्ही वृषणं हाताला लागत नाहीत असं. दोन, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातलं बाळ, उलट्या, सुकलेलं, वजन जन्मापेक्षाही कमी, सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. जन्मजात अॅड्रिनलच्या दोषात मुलींचं जननांग वेगळं दिसतं म्हणून त्या ओळखल्या जातात. मुलगे अगदी नॉर्मल दिसतात आणि म्हणून दगावतात. परळला वाडिया हॉस्पिटल मुलांसाठी आहे, पण धोक्यातलं बाळ आधी जवळच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) स्थिर करून मग हलवा. नवजात बाळाचं टीएसएच खूप जास्त आलं तर शिरेतून परत सॅम्पल काढून थायरॉक्सिन त्याच दिवशी सुरू करा. पहिले दोन आठवडे बाळाच्या मेंदूसाठी मोलाचे असतात, तज्ज्ञांची अपॉइंटमेंट गुरुवारची असली तरी गोळी आज. सॅम्पल आधीच काढलेलं असतं, त्यामुळे इथे पुरावा पुसला जायची चिंता करू नका.

पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेलं, तहान लागणारं, वाळलेलं मूल : बोटाच्या रक्ताची साखर तिथेच, आणि जास्त आली तर आजच हॉस्पिटल. बारीक अंगाच्या तरुणाला अचानक साखर निघाली, लघवीत कीटोन असतील, तर त्याला गोळ्यांवर ठेवून आठवड्यानं बोलावणं धोक्याचं आहे.

बीपीच्या पेशंटपैकी तिशीच्या आतले, तीन औषधांनीही न उतरणारे, किंवा पोटॅशियम कमी असलेले पाठवा. झटके येतात, झटक्यात डोकं दुखतं, घाम फुटतो, धडधडतं, चेहरा पांढरा पडतो, अशा पेशंटला धडधडीसाठी बीटा ब्लॉकर लिहू नका. फिओक्रोमोसायटोमा (बीपी वाढवणारी अॅड्रिनलची गाठ) असेल तर एकट्या बीटा ब्लॉकरनं बीपी उसळतं.

कॅल्शियम : मुतखडे वारंवार होणाऱ्याचं एकदा तपासाच. जास्त आलं तर अल्ब्युमिन आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारा हार्मोन) करून पाठवा. आणि विचारा, ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० च्या पुड्या आठवड्याला घेताय की रोज? वर ६ लाखांची इंजेक्शनं कुणी दिलीत का? कॅल्शियम १४ च्या वर, किंवा उलट्या आणि बरळणं असेल तर दाखल.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन एकदा दुपारी कमी आलं म्हणजे काही ठरत नाही. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी, एलएच-एफएसएचसह. मूल हवं असलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याला टेस्टोस्टेरॉन देऊ नका, त्यानं शुक्राणू बनणं थांबतं. जिममधली इंजेक्शनं घेणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. लहान, कडक वृषणं असलेल्या तरुणाला क्लाइनफेल्टर सिंड्रोमच्या (जन्मजात जादा एक्स गुणसूत्राच्या) शंकेनं पाठवा.

चिठ्ठीबद्दल. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे आणि परवडत नसेल त्यानं तिथेच जावं असं मी सांगतो. पण ऐरोलीतल्या रोजंदारीवरच्या माणसाला परळची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी, आणि कागद अपुरे असले की तीच फेरी परत. म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती तारीख, उपचाराआधीचा मूळ रिपोर्ट, प्रत्येक औषधाचं नाव आणि सुरू केल्याची तारीख, पुड्या-मलमं-केसांच्या गोळ्यांसकट, बायकांमध्ये शेवटची पाळी आणि बाळंतपणं, मुलांमध्ये शाळेच्या कार्डावरच्या जुन्या उंच्या आणि आईबापांची उंची, एवढं लिहा. तुम्हाला नेमकी कसली शंका आहे तेही एका ओळीत लिहा. चुकली तरी चालेल. सकाळी उपाशीपोटी पाठवलंत तर सॅम्पल त्याच फेरीत निघतं.

आणि पेशंट परत आला की तो तुमचाच. स्टेरॉइडवर असलेल्या प्रत्येकाच्या खिशात 'मी स्टेरॉइडवर आहे, एकदम बंद करू नये' असं मराठीत लिहिलेलं कार्ड असू द्या. ताप आला की दोन-तीन दिवस हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, हे त्याला आणि घरच्यांना प्रत्येक भेटीत परत सांगा. हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन व्हायल दवाखान्याच्या कपाटात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्यांची एक्स्पायरी तपासा.